आप्रवासी घाटाशेजारची दगडी इमारत

मॉरिशसला गेलेला मराठी माणूस पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे हिंदुस्थानातून आणलेले मजूर जिथे उतरत तिथे, जातो, तिथल्या सोळा पायऱ्यांसमोर हात जोडतो आणि मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांच्या आठवणीने हळवा होतो. मीही झाले. पण घाटापासून काही पावलांवर, जुन्या लष्करी रुग्णालयाच्या दगडी इमारतीत, २०२३ पासून गुलामगिरीचे संग्रहालय आहे आणि आमच्या गटातले कोणीच तिकडे वळायला तयार नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

ही इमारत १७४०च्या सुमारास फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबुर्दोने याच्या कारकिर्दीत गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली. बेटावरच्या गुलामांत मादागास्कर आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर हिंदुस्थानातून आणलेली माणसेही होती. हे मला शाळेत कोणी शिकवले नव्हते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधली गुलामी कायद्याने संपली, तरी मुक्त झालेल्या सुमारे ६६,००० जणांना 'उमेदवारी'च्या, म्हणजे शिकाऊ कामगारीच्या, नावाखाली १८३९पर्यंत त्याच मालकांकडे राबावे लागले. ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक भरपाई दिली ती मालकांना. ज्यांच्या पाठी सोलून निघाल्या होत्या, त्यांच्या हाती दमडीही पडली नाही. उसाच्या मळ्यांवर माणसे कमी पडतील या धास्तीने मळेवाल्यांनी आपल्या लोकांना आणायला सुरुवात केली. म्हणून गिरमिटाची हकीकत घाटाच्या पायरीपासून सांगायला लागणे मला अपुरे वाटते.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथे पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, जिल्हा, गाव, जहाज असे सगळे मिळू शकते आणि त्या कागदाच्या आधारे कोकणातले मूळ गाव शोधत येता येते. गुलामांच्या नोंदवहीत मात्र नाव बहुतेकदा मालकाने ठेवलेले असते आणि मुलूख म्हणून नुसते 'मोझांबिक' लिहिलेले असते. त्यावरून कोणी कुठले घर शोधावे?

घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. गुलामांच्या वंशजांना मात्र, गुलामगिरी आणि गिरमिटाच्या परिणामांची चौकशी करणाऱ्या मॉरिशसच्या सत्य आणि न्याय आयोगाने २०११च्या अहवालात शिफारस करूनही, या संग्रहालयासाठी आणखी बारा वर्षे थांबावे लागले. मराठी सहली नेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की घाटानंतर बाजारासाठी जो तास राखून ठेवता, तो या इमारतीला द्यावा.