बीएनपी टीव्हीच्या स्टुडिओत संपली नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘कडव्या राष्ट्रवाद्यांवर बंदी कशाला? त्यांना टीव्हीवर बोलवा. ब्रिटनमध्ये २००९ साली बीबीसीने बीएनपी, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी या स्थलांतरविरोधी कडव्या उजव्या पक्षाचा नेता निक ग्रिफिन याला “क्वेश्चन टाइम” या चर्चेच्या कार्यक्रमात बसवलं, त्याचं हसं झालं आणि पक्ष बुडाला. तशीही ती मूठभर टाळकीच होती. लोक शहाणे असतात.’

वाचायला गोड आहे. पण तारखा आणि मतांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की गोष्ट उसवत जाते.

हसं झालं, हे खरं. २२ ऑक्टोबर २००९ च्या त्या भागात ग्रिफिनने कू क्लक्स क्लॅन या अमेरिकेतल्या हिंसक वर्णद्वेषी संघटनेच्या एका गटाला ‘जवळजवळ पूर्णपणे अहिंसक’ म्हटलं आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सुमारे ८० लाख लोकांनी ते पाहिलं. पण लगेच झालेल्या यूगव्ह या संस्थेच्या जनमत पाहणीत २२ टक्के लोक म्हणाले की, बीएनपीला मत देण्याचा आपण गंभीरपणे विचार करू. पुढच्याच मे महिन्यात सार्वत्रिक निवडणूक झाली. २००५ मध्ये पक्षाला १,९२,७४५ मतं होती, २०१० मध्ये ५,६४,३२१ झाली. उमेदवारही पुष्कळ जास्त उभे केले होते, हे मान्य. तरी बुडालेल्या पक्षाचा हा आकडा नव्हे.

‘मूठभर टाळकी’ हेही तसंच. १९८२ मध्ये जॉन टिंडलने पक्ष काढला तेव्हा, आणि पुढेही बरीच वर्षं, ते चाललं असतं. १९९३ मध्ये पूर्व लंडनच्या मिलवॉलमध्ये पहिला नगरसेवक आला तो ७ मतांनी, आणि वर्षाच्या आत घरी गेला. पण जून २००९ च्या युरोपियन संसदेच्या निवडणुकीत पक्षाने ९,४३,५९८ मतं आणि २ जागा घेतल्या. (त्याच प्रचारात ‘ब्रिटिश’ म्हणून मिरवलेलं दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान पोलिश वैमानिकांच्या तुकडीचं निघालं. स्थलांतरितांविरुद्धच्या प्रचारात!)

खरी मेख पुढे आहे. वायव्य इंग्लंडमधून ग्रिफिन निवडून आला तो १,३२,०९४ मतांवर. २००४ मध्ये, जागा मिळाली नव्हती तेव्हा, तिथे पक्षाला १,३४,९५९ मतं होती. म्हणजे मतं घटली आणि जागा आली! २००४ ला तिथे सगळं मतदान टपालाने झाल्यामुळे ते वाढलं होतं. २००९ ला खासदारांच्या भत्त्यांचा घोटाळा ताजा होता आणि मजूर पक्षाचा मतदार वैतागून घरीच बसला. बीएनपीला लाट लागली नाही. बाकीचं पाणी ओसरलं आणि खडक वर दिसला.

आता बार्किंग-डॅगनम पाहा. पूर्व लंडनचा हा कामगारवस्तीचा भाग. फोर्डने तिथलं मोटारींचं उत्पादन २००२ मध्ये बंद केलं. नगरपालिकेची घरं भाडेकरूंना विकली गेली होती आणि उरलेल्यांसाठी रांग लांब होती. बीएनपीने पत्रक वाटलं: बार्किंगमध्ये घर घ्यायला आफ्रिकी कुटुंबांना ५० हजार पौंडांपर्यंत मदत मिळते. साफ थाप. पण घराच्या यादीत वर्षानुवर्षं अडकलेल्या माणसाच्या दाराफटीतून ते आत पडलं, की थाप उरत नाही, उत्तर होतं. २००६ मध्ये तिथे बीएनपीचे १२ नगरसेवक आले.

२०१० मध्ये बाराही पडले. सभागृहातल्या ५१ च्या ५१ जागा मजूर पक्षाने घेतल्या. संसदेसाठी ग्रिफिन स्वतः बार्किंगमधून उभा होता. त्याला ६,६२० मतं पडली; २००५ च्या उमेदवाराला ४,९१६ होती. मतं वाढली, टक्का मात्र १६.९ वरून १४.६ वर आला. सीमा थोड्या बदलल्या होत्या, पण मुख्य कारण साधं आहे: पालिकेची निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी होती, आणि बीएनपीविरोधी कार्यकर्ते कित्येक महिने दारोदार फिरून इतरांना मतदानाला बाहेर काढत होते. जिन्यांवरून चढउतार करणाऱ्यांचं श्रेय आपण आरामात सूत्रसंचालकाला देऊन टाकतो.

घरातली भांडणं वेगळीच. २०११ मध्ये ग्रिफिनने नेतेपद राखलं ते ९ मतांनी. जानेवारी २०१४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, मे महिन्यात युरोपियन संसदेतली खासदारकी गेली, ऑक्टोबरमध्ये पक्षानेच हाकललं. २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या देशात मिळून पक्षाला १,६६७ मतं.

राहिला ‘लोक शहाणे असतात’ हा मुद्दा. असतीलही. पण त्याच २०१५ मध्ये यूकिपला, म्हणजे युरोपियन युनियन सोडा म्हणणाऱ्या यूके इंडिपेंडन्स पार्टीला, जवळपास ३९ लाख मतं पडली. हा पक्ष बीएनपीच्या माजी सदस्यांना दारात उभं करत नव्हता, आणि तेच त्याचं भांडवल होतं: स्थलांतराचा राग व्यक्त करता येतो आणि शेजारी फॅसिस्टही म्हणत नाहीत. सगळी ३९ लाख माणसं बीएनपीची नव्हती, हे उघड आहे. पण बीएनपीच्या मतदाराला जायला आता बरी जागा होती.

जानेवारी २०१६ मध्ये बीएनपीचं नाव निवडणूक आयोगाच्या यादीतूनच निघालं. कारण? २५ पौंडांची वार्षिक फी भरली नव्हती. महिनाभराने ते परत चढलं. त्याच वर्षी जूनमधल्या सार्वमतात बार्किंग-डॅगनमने ६२.४ टक्के मतं युरोपियन युनियन सोडण्याच्या बाजूने टाकली.