खुलासा: त्साय युआनपेई पेकिंग विद्यापीठाचे संस्थापक नव्हेत

'पेकिंग विद्यापीठाची स्थापना त्साय युआनपेई यांनी केली' असं चीनमधल्या या विद्यापीठाबद्दल मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं. ते चूक आहे आणि चूक माझीच. तो मजकूर बराच फिरतोय, म्हणून हा खुलासा.

विद्यापीठ सुरू झालं 1898 मध्ये, छिंग या चिनी राजघराण्याच्या राजवटीत. त्याची शताब्दीही 1998 मध्येच साजरी झाली. त्साय तेव्हा तिशीत होते. त्याच वर्षी सुधारणांची चळवळ चिरडली गेल्यावर ते दरबारची नोकरी सोडून शाओशिंगला, आपल्या गावी परतले आणि तिथल्या शाळेचं काम पाहू लागले. 1912 मध्ये ते चीनच्या प्रजासत्ताकाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. विद्यापीठाची सूत्रं त्यांच्याकडे आली ती थेट जानेवारी 1917 मध्ये.

पण संस्थापक नव्हते म्हणून त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. कुठल्याच विद्यापीठाची पदवी नसलेल्या ल्यांग शुमिंग या तरुणाला त्यांनी भारतीय तत्त्वज्ञान शिकवायला बोलावलं! 1920 मध्ये मुलींना प्रवेश मिळाला, तोही त्यांच्याच काळात. मला खरं तर हेच सांगायचं होतं.

जुनी पोस्ट मी काढली आहे. तुमच्याकडे असेल तर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवली असेल त्यांना हा खुलासा धाडा.