जोडे खावेत, पण चामड्याचे

आपला पुतळा व्हावा असं वाटत असेल, तर आधी जोडे खायला शिका. अलंकारिक बोलत नाहीये मी. 1819 ते 1822 या काळात जॉन फ्रँकलिन नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी कॅनडाच्या उत्तरेला किनारा मोजायला गेला. रसद संपली, 20 पैकी 11 माणसं दगावली. उरलेल्यांनी खडकावरचं दगडफूल (आपल्या गोड्या मसाल्यातल्याचंच भावंड) खरवडून खाल्लं आणि तेही पुरेना तेव्हा पायातलं चामडं. आपल्याकडे जोडे खाल्लेला माणूस चार दिवस गल्लीत तोंड दाखवत नाही. लंडनने मात्र ‘जोडे खाल्लेला माणूस’ म्हणून फ्रँकलिनला डोक्यावर घेतलं, ‘सर’ केलं आणि 1845 मध्ये, वयाच्या 59व्या वर्षी, वायव्य मार्ग (कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिकमधून पॅसिफिकला जाणारी समुद्री वाट) शोधायला पुन्हा तिकडेच धाडलं. सोबत दोन जहाजं, चांदीचे काटे-चमचे, हजारावर पुस्तकं. शेवटी बर्फात 129 माणसं गेली, एकही परतला नाही. कीर्तीचा पाया असा भक्कम हवा.

आता डॉक्टर जॉन रे यांचं चरित्र वाचा आणि त्यातलं काहीही करू नका.

हा ऑर्कनी बेटांवरचा माणूस, जन्म 1813. एडिंबरात डॉक्टरकी शिकून कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीत लागला आणि तिथे त्याने पहिली घोडचूक केली. गोऱ्या साहेबाने स्थानिकांना शिकवायचं असतं. हा त्यांच्याकडून शिकत बसला. तिथल्या क्री आदिवासींकडून बर्फावर चालण्याचे जाळीदार जोडे वापरायला (ते खाल्ले नाहीत, पायातच घातले; इथेच फसला), त्याहून उत्तरेला राहणाऱ्या इन्युइटांकडून बर्फाचं घर बांधायला. सोबत मोजकी माणसं, पोटापुरती शिकार आपली आपण. अशाने उपासमार कशी होणार? आणि उपासमार नाही तर बातमी कसली?

सर्वेक्षण शिकायचं म्हणून तो कॅनडातल्याच रेड रिव्हर वसाहतीत गेला, तर शिकवणाराच मरणपंथाला लागलेला. तुम्ही-आम्ही सही घेऊन परतलो असतो. हा भर हिवाळ्यात सुमारे दोन महिने चालत सू सेंट मेरीला पोचला आणि तिथून टोरंटोला जाऊन शिकला. पुढे चार मोहिमांत सुमारे 2,800 किलोमीटर अज्ञात किनारा त्याने नकाशावर आणला, बहुतेक पायी आणि लहान होड्यांतून. एवढं चालणाऱ्याचा पुतळा करायचा म्हटलं तरी तो एका जागी उभा राहायला नको का?

पण खरा घात केला तो 1854 च्या एप्रिलने. उत्तर कॅनडातल्या पेली बे या उपसागराजवळ रे यांना एक इन्युइट भेटला. त्याच्या डोक्याला टोपीची सोनेरी पट्टी होती. कुठली म्हणून विचारलं, तर उत्तर आलं: दूर पश्चिमेला, एका मोठ्या नदीपलीकडे, काही वर्षांपूर्वी 35-40 गोरे भुकेने मेले, तिथली. पुढे इतरांनीही तेच सांगितलं. चांदीचे चमचे-काटे विकायला आणले, फ्रँकलिनचं पदकही आलं. आणि एक गोष्टही आली: प्रेतांची अवस्था आणि किटल्यांत सापडलेला ऐवज पाहता, शेवटी शेवटी त्या लोकांनी एकमेकांना खाल्लं होतं.

इथे तुम्ही काय कराल? चमचे आणाल, किटल्या विसराल. भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो, हे आपल्या घरात पोरासोरांनाही कळतं. रे यांनी मात्र सगळं नौदल खात्याला लिहून दिलं. खात्याने ते वर्तमानपत्रांकडे सरकवलं (खाती असली कामं तत्परतेने करतात) आणि ऑक्टोबरात ‘टाइम्स’ने छापलं.

फ्रँकलिनच्या पत्नी लेडी जेन भडकल्या. कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून बाजू लढवली: इंग्रज सद्गृहस्थ असं करणंच शक्य नाही, आणि रानटी लोकांच्या शब्दाला किंमत ती काय! उलट इन्युइटांनीच काही केलं नसेल कशावरून? आर्क्टिकमध्ये कधीही पाऊल न टाकता आर्क्टिकवर कसं लिहावं, याचा हा उत्तम धडा. गिरवा. रे यांनी त्याच साप्ताहिकात सभ्यपणे उत्तर दिलं. तेही चुकलंच, सभ्यपणा छापून येतो, वाचला जात नाही.

फ्रँकलिनचं काय झालं ते शोधणाऱ्याला सरकारने लावलेल्या बक्षिसाचे 10,000 पौंड रे आणि त्यांच्या माणसांना मिळाले, लेडी फ्रँकलिनचा विरोध असूनही. ‘सर’ मात्र झाले मॅक्लिंटॉक नावाचे नौदल अधिकारी. ते नंतर लेडी फ्रँकलिनच्या खर्चाने शोधाला गेले होते आणि बेताची बातमी घेऊन आले होते. 1866 मध्ये लंडनच्या वॉटर्लू प्लेसमध्ये फ्रँकलिनचा पुतळा उभा राहिला. वायव्य मार्गाचा शोध पुरा करताना यांनी प्राण दिले, असं त्यावर कोरलंय.

आता त्या मार्गाचं. जुन्या नकाशावर किंग विल्यमची जमीन पूर्वेला बूथिया द्वीपकल्पाला जोडलेली होती. तिकडून वाट नाही असं दिसल्यावर पश्चिमेला जायचं, तसं फ्रँकलिन गेले आणि जहाजं बर्फात रुतली. मधे सामुद्रधुनी आहे आणि तिथलं बर्फ त्या मानाने कोवळं आहे, हे रे यांनी त्याच 1854 च्या मोहिमेत पाहिलं. पुढे नॉर्वेचे अमुंडसेन 1903 मध्ये तिथूनच आपलं छोटं जहाज ‘योआ’ घेऊन गेले आणि वायव्य मार्ग जहाजाने पार करणारे पहिले ठरले. त्या पाण्याला रे यांचं नाव आहे. पाण्याला नाव देण्यात हरकत नसते, त्याला चौथरा लागत नाही.

फ्रँकलिनच्या माणसांच्या हाडांचं म्हणाल, तर 1990 च्या दशकात शास्त्रज्ञांना त्यांवर सुरीच्या खुणा दिसल्या. म्हणजे किटलीवाले खरं बोलत होते. तरी घाई नको. रे 1893 मध्ये वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत फ्रँकलिनच्या स्मारकाजवळ त्यांच्या नावाचा लहानसा दगड बसला 2014 मध्ये. अवघी 121 वर्षं.

रे स्वतः मात्र ऑर्कनीतल्या कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलच्या आवारातच पुरलेले आहेत. कॅथीड्रलमध्ये त्यांचा पुतळाही आहे, पण झोपलेला: आर्क्टिकच्या कपड्यांत, जवळ बंदूक आणि पुस्तक. पायातले जोडे शाबूत आहेत.