ऐझॉल पहिलं आलं तेव्हा मुंबई शेवटची होती

खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला तेव्हापासून त्याने 2017मध्ये जिंकवलेल्या ऐझॉलची गोष्ट पुन्हा फिरायला लागली आहे. मिझोरामच्या डोंगरातला छोटा क्लब, हाताशी पैसा नाही, नावाजलेले खेळाडू नाहीत, आणि तरी देशाचा विजेता. परवा एका मित्राने त्या विजेतेपदाच्या सामन्याची क्लिप पाठवली आणि खाली एकच शब्द लिहिला, "परीकथा!" त्याला उत्तर लिहायला बसलो ते इतकं लांबलं की सरळ इथेच टाकतोय.

मला तो शब्द खटकतो. परीकथेत कुणीतरी येऊन कांडी फिरवतं. 2016-17च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, कुणी कांडी फिरवली नव्हती. आणि कुठल्या तरी दूरच्या डोंगरात घडलेली नवलाई म्हणून आपण ती सांगतो तेव्हा त्यात आपणही होतो हे विसरून जातो. त्या हंगामाचा गुणतक्ता काढून बघा. दहा संघ. सगळ्यात वर ऐझॉल, 37 गुण. सगळ्यात खाली मुंबई एफसी.

सुरुवात आदल्या हंगामापासून करायला हवी. 2015-16 मध्ये नऊ संघ होते आणि ऐझॉल आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण रेलिगेट झाला, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलला गेला, तो ऐझॉल! कारण शिवाजीयन्सला थेट प्रवेश मिळाला होता आणि नियमानुसार अशा संघाला रेलिगेशन लागू नव्हतं. खालून वर, सेकंड डिव्हिजन जिंकून आलेला संघ बाहेर, आणि त्याच्याही खाली राहिलेला आत. मी महाराष्ट्राचा माणूस, पुण्याचा संघ वाचला याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या मुलांनी मैदानावर कमावलेली जागा कागदावरच्या एका कलमाने गेली, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मग 2016च्या उन्हाळ्यात फेडरेशनने भारतीय फुटबॉलचा नवा आराखडा मांडला. आयएसएल, म्हणजे फ्रँचायझी संघांची लीग, ही मुख्य लीग होणार, आय-लीग तिच्या खाली जाणार. गोव्याच्या क्लबांना हे सहन झालं नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपोने तर त्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून परतीचं तिकीट मिळवलं होतं, तरी तेही मागे फिरले. ज्या गोव्याने राष्ट्रीय लीगची इतकी विजेतेपदं नेली, तिथून 2016-17मध्ये फक्त चर्चिल ब्रदर्स उरले. या रिकाम्या झालेल्या जागांपैकी एक जागा ऐझॉलला परत मिळाली. म्हणजे मिझोरामच्या त्या आनंदाच्या तळाशी गोव्याचं दुखणं आहे. मडगावचा माझा एक मित्र आजही या विषयावर बोलत नाही, दुसरंच काहीतरी काढतो.

आता मुंबईकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते इथलं.

आमचे बाबा रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी फुटबॉल स्पर्धा बघायला कूपरेजच्या मैदानावर जायचे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन यांची नावं मी क्रिकेटपटूंच्या नावांआधी ऐकली ती त्यांच्या तोंडून. पुढे 2007मध्ये मुंबई एफसी सुरू झाला तेव्हा बाबा म्हणाले होते, "चला, आता बघायला आपलं काहीतरी झालं." चर्चगेटला उतरायचं, ओव्हलच्या कडेने चालत जायचं आणि त्या छोट्या स्टँडमध्ये बसायचं. गर्दी फार नसायची. पण जी माणसं यायची ती दर सामन्याला यायची, पिवळी जर्सी घालून, ढोल घेऊन. आठ-दहा सामन्यांनंतर चेहरे ओळखीचे झाले होते. नावं मात्र कधी विचारली नाहीत.

2009पासून या संघाचा प्रशिक्षक होता खालिद जमील. आधी तो त्याच संघातून खेळलेला. सात वर्षं त्याने मुंबई एफसी सांभाळला. कधी विजेतेपदाच्या जवळ नेला नाही हे खरं, पण कधी बुडूही दिला नाही. त्याच्या खेळावर आमच्याच स्टँडमधली माणसं वैतागायची. मागे दहा माणसं, पुढे एक, लांब चेंडू मारा आणि धावा. मीही वैतागलोय. शेवटी 2016मध्ये क्लबने त्याला निरोप दिला, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं की आता जरा मोकळा फुटबॉल बघायला मिळेल.

खालिद हंगामाच्या तोंडावर ऐझॉलला गेला. त्याच्या मागोमाग मुंबईकडून खेळलेला आशुतोष मेहता गेला. आपल्या मुंबईचा जयेश राणे होता. गोलमध्ये मडगावचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जर्यान. आणि यांच्या भोवती सगळी मिझो पोरं. ती काही आकाशातून पडली नव्हती. जेमतेम अकरा लाख वस्तीच्या मिझोरामने 2012मध्ये स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली होती, 2014मध्ये राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी जिंकली होती. 2016च्या फेडरेशन कपमध्ये ऐझॉल थेट फायनलला गेला होता. तिथे मोहन बागानने त्यांना 5-0 असं धुतलं ही गोष्ट वेगळी. पण रेलिगेट झालेला संघ महिन्याभरात कपची फायनल खेळतो, यात पुढच्या वर्षाची चाहूल होती. ती कुणी ऐकली नाही, मीसुद्धा नाही.

इकडे मुंबईत संतोष कश्यपकडे संघ दिला आणि हंगाम अर्धा होतो न होतो तोच त्याला बदलून स्पेनचा ऑस्कर ब्रुझोन आणला. 18 सामन्यांत विजय किती? दोन. कूपरेजला बसून एकेक सामना हातातून निसटताना बघणं काय असतं ते सांगता येणार नाही. एका बरोबरीनंतर बाबा उठलेच नाहीत जागेवरून. स्टँड रिकामा झाला, सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला, तेव्हा म्हणाले, "खालिद असता तर हा एक गुणसुद्धा सोन्याचा वाटला असता." मी तेव्हा काही बोललो नाही. त्यांचं बरोबर होतं. खालिदच्या हाताखाली आम्ही बरोबरीवर वैतागायचो, कारण खाली पडण्याची भीती काय असते तेच त्याने आम्हाला कळू दिलं नव्हतं.

22 एप्रिल 2017. ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये ऐझॉल विरुद्ध मोहन बागान. दोघांचे गुण सारखे, 33 आणि 33. दोन-दोन सामने बाकी. बागानकडे सोनी नॉर्दे, कात्सुमी, डॅरिल डफी, आणि मिझोरामचाच जेजे. हा सामना मी मोबाइलवर बघितला, लोकलमध्ये उभा राहून. 83व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टेने डोक्याने गोल केला. घरचा मुलगा, बचावपटू, कपाळाने मारलेला गोल. 1-0. दादरला उतरायचं होतं, मी पुढे निघून गेलो.

30 एप्रिलला रविवार होता. बाबा आणि मी टीव्हीसमोर. शिलाँगला तिथल्या लाजाँग संघाविरुद्ध ऐझॉलला फक्त एक गुण हवा होता आणि नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या दिपांदाने गोल केला. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. शिलाँगच्या स्टँडमध्ये हजारो मिझो माणसं. डोंगरातल्या रस्त्यांनी रात्रभर प्रवास करून आलेली, काही तिथेच शिकणारी पोरं. मध्यंतरापर्यंत ऐझॉलचा गोल नाही. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. 67व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली आणि बाबा, सत्तरीला टेकलेला माणूस, खुर्चीतून ताडकन उठले. उरलेला वेळ ते उभेच होते. 1-1. बागान 2-1 जिंकला तरी उपयोग नव्हता. ऐझॉल 37, बागान 36. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय विजेता.

खालिद दिसला तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपला माणूस जिंकला म्हणून की आपण तो घालवला म्हणून, हे मी विचारलं नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक असायला हवं, पण ते त्या क्लिपमध्ये कधीच नसतं. रेलिगेट झालेला मुंबई एफसी परत उभा राहिलाच नाही. शिवाजीयन्सही त्याच उन्हाळ्यात संपला. त्याच्या दोन वर्षं आधी पुणे एफसी गेला होता, आणि त्याही आधी, 2010मध्ये, महिंद्रा युनायटेड, जो 2005-06चा राष्ट्रीय विजेता होता. 2017-18च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. एकही नाही! मुंबई-पुण्यात तेव्हा आयएसएलचे संघ होते, ते खेळत होते, मान्य. पण ते वरून आलेले होते. आणि चांगला मालक असला की क्लब टिकतो, मालकाचं मन उडालं की क्लब जातो, हे आपण इतकं सहज धरून चालतो की त्याचं दुःखही करत नाही. 

ऐझॉललाही विजेतेपदाने फार काही दिलं नाही. खालिद ईस्ट बंगालला गेला, अल आमना गेला, जयेश आयएसएलमधल्या कोलकात्याच्या एटीकेकडे गेला. सगळ्यात मोठ्या लीगचं दार विजेत्यालाच बंद होतं, त्यासाठी भांडण्याची पाळी आली. मैदानावर पहिला नंबर मिळवूनही वर जाता येत नसेल तर मुलांनी धावायचं कशासाठी, याचं उत्तर त्या वेळी आपल्या फुटबॉलकडे नव्हतं. 2025 साली आयएसएल वेळेवर सुरूही होऊ शकली नाही तेव्हा मला हेच आठवत होतं. तरी ऐझॉल क्लब आजही आहे. पडत-झडत, तक्त्यात खाली-वर होत, पण आहे. तिथे क्लब वस्तीचा आहे, लोक त्याला सोडत नाहीत.

म्हणून मित्रा, परीकथा म्हणू नकोस. वर्षानुवर्षं लीग चालवणाऱ्या, मैदान राखणाऱ्या, पोरांना बूट घेऊन देणाऱ्या माणसांचं ते काम आहे, आणि तसं काम आपल्याकडेही करणारी माणसं होती. कूपरेजच्या त्या स्टँडमध्ये मी त्यांना बघितलंय.

एक मागणं आहे. 2016-17मधले मुंबई एफसीच्या घरच्या सामन्यांचे फोटो कुणाकडे असतील, स्टँडचे, ढोलवाल्यांचे, कसलेही, तर मला पाठवा. माझ्याकडे एकच आहे. सामना संपलाय, खुर्च्या रिकाम्या आहेत आणि बाबा पाठमोरे बसलेत.