57 अल्गोरिदम नंतर, आधी पुढची जोडी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत रुबिक क्यूब हातात घेऊन फिरणारी मुले अचानक वाढतात, आणि त्यांच्या पालकांचा मला ठरलेला प्रश्न असतो, "अहो, याचे अजून निम्मेच अल्गोरिदम पाठ झालेत. सगळे झाले की टाइम खाली येईल ना?" (अल्गोरिदम म्हणजे पाठ करायचे चालींचे ठरलेले क्रम.) मी स्वतः चाळिशीनंतर या छंदाला लागले आणि क्यूब सोडवण्याच्या वेळेची माझी सरासरी, म्हणजे अ‍ॅव्हरेज, सध्या 22 सेकंदांच्या आसपास रेंगाळते आहे, त्यामुळे या विषयातली तज्ज्ञ म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही. तरीही या प्रश्नाला माझे उत्तर "नाही" असेच आहे, आणि ते लिफ्टची वाट बघता बघता नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीला आपण सगळेच एकेक थर लावत क्यूब सोडवायला शिकतो आणि त्यात शंभराहून अधिक चाली सहज जातात. वेगाने सोडवणारे बहुसंख्य लोक मात्र सीएफओपी ही पद्धत वापरतात, जिच्या प्रसाराचे मोठे श्रेय जेसिका फ्रिड्रिख यांना दिले जाते. तळाच्या चार कडा लावून होणारा क्रॉस, मग एक कोपरा आणि एक कड अशा, खालचे दोन थर एकदम लावणाऱ्या चार जोड्या म्हणजे एफटूएल, मग वरची बाजू एका रंगाची करणारे ओएलएल आणि शेवटी वरच्या थरातले तुकडे आपापल्या जागी नेणारे पीएलएल, असे तिचे चार टप्पे आहेत. ओएलएलच्या 57 आणि पीएलएलच्या 21 स्थिती असतात आणि प्रत्येक स्थितीसाठी चालींचा ठरलेला क्रम पाठ करावा लागतो. हे 78 क्रम वहीत उतरवता येतात, त्यांच्यापुढे बरोबरची खूण करता येते, "आज पाच झाले" असे संध्याकाळी घरी सांगता येते. पालकांना आणि शिकवणाऱ्यांना ते प्रिय असण्याचे कारण माझ्या मते एवढेच आहे. एफटूएलमध्ये काय सुधारले हे असे वहीत दाखवता येत नाही.

आमच्याच इमारतीतल्या आठवीतल्या एका मुलाचे उदाहरण घेते. "काकू, माझा टी-पर्म बघा," असे म्हणून त्याने मला पीएलएलमधला 14 चालींचा तो क्रम जेमतेम दोन सेकंदांत करून दाखवला. म्हणजे त्याची बोटे सेकंदाला सात चाली करू शकतात. सीएफओपीने एक क्यूब सोडवायला साधारण 60 चाली लागतात असे धरले, तर याच्या निम्म्या वेगानेही तो 17-18 सेकंदांत सुटायला हवा. त्याचे अ‍ॅव्हरेज होते 35. मग आम्ही त्याचा एक सॉल्व्ह फोनवर चित्रित केला आणि सावकाश गतीने पाहिला. क्रॉस झाला आणि हात थांबले. त्याने क्यूब डावीकडे फिरवला, पुन्हा डावीकडे फिरवला, उचलून मागच्या बाजूला डोकावला, हिरवा-लाल कोपरा सापडला, पण त्याचा जोडीदार मागच्या खाचेत उलटा अडकलेला होता हे कळायला आणखी एक फेरी गेली. जोडी बसली आणि पुन्हा हात थांबले. चार जोड्यांच्या मध्ये हेच चालू होते. ज्या ओएलएलसाठी त्याने वही भरली होती, तो भाग आला आणि संपलाही. त्याची बोटे वेगवान होती, वेळ सगळा शोधण्यात जात होता.

यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो, पण तो असा की, मुद्दाम हळू सोडवायचे. एक जोडी खाचेत घालत असताना तिच्याकडे बघायचे नाही. ती कशी जाणार हे हातांना ठाऊक असते, त्यामुळे तेवढ्या तीन-चार चालींत डोळ्यांनी पुढच्या जोडीचा कोपरा आणि कड शोधून ठेवायची. वेग इतका उतरवायचा की हात एकदाही थांबणार नाहीत. मेट्रोनोम लावून प्रत्येक ठोक्याला एक चाल करण्याचा सराव अनेकजण करतात, त्यामागचे कारण हेच आहे. मी तो सराव ठाणे-वाशी लोकलमध्ये करते. गाडी ठाण्याहूनच सुटत असल्यामुळे बहुधा बसायला मिळते, घणसोलीपर्यंत हातात फोन नसतो, टाइमर नसतो, त्यामुळे घाई करण्याचे कारणच उरत नाही. (शेजारचे प्रवासी दोन-तीन स्टेशने शांतपणे बघतात आणि मग "सगळा झाला का?" असे विचारतातच, पण त्याची सवय होते.) टाइमर लावून दिवसभर सॉल्व्ह मोजत बसण्यापेक्षा या बिनटाइमरच्या प्रवासाने माझा वेळ अधिक उतरवला, असे मी खात्रीने सांगू शकते.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट क्रॉसची. स्पर्धेत क्यूब उघडा झाल्यावर तो नुसता बघायला 15 सेकंद मिळतात, आठ आणि बारा सेकंदांना पंच तशी सूचना देतो, आणि वेळ उलटली तर दोन सेकंदांचा दंड बसतो. कोणताही क्रॉस जास्तीत जास्त आठ चालींत होतो, आणि बहुतेक वेळा त्याहून कमी चालींत. म्हणजे पहिली चाल करण्याआधी तो पूर्ण ठरवून ठेवणे शक्य आहे. घरी मात्र आमची मुले क्यूब विस्कटतात, लगेच टाइमर दाबतात आणि पांढरी बाजू वर धरून एकेक कड हुडकत बसतात. क्रॉस तळाशी धरून करावा, डोळे मिटून पूर्ण करता येईल इतका आधी ठरवावा, आणि हे जमू लागले की पहिली जोडी कुठे जाऊन पडेल हेही त्याच 15 सेकंदांत बघावे. यात पाठ करण्यासारखे काहीही नाही, म्हणूनच कदाचित ते कोणी करून घेत नाही.

अल्गोरिदम शिकूच नयेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. आधी दोन टप्प्यांचे ओएलएल आणि दोन टप्प्यांचे पीएलएल शिकावे, म्हणजे तोच भाग एका क्रमाऐवजी एकामागून एक अशा दोन क्रमांनी करावा. त्यासाठी अनुक्रमे 10 आणि 6, असे 16 क्रम पुरतात. त्यानंतर ओएलएलला हात न लावता संपूर्ण पीएलएल घ्यावे, कारण 21 क्रमांत तो टप्पा कायमचा एका दमात होतो. त्यातही सरसकट पाठांतर करण्याची गरज नाही. टी-पर्मसारखी स्थिती सरासरी 18 सॉल्व्हमध्ये एकदा येते, तर एन-पर्मच्या दोन स्थितींपैकी प्रत्येक 72 मध्ये एकदा. जे वारंवार भेटणार आहे ते आधी शिकावे, हे उघड आहे. तरीही तक्त्यातल्या क्रमाने वरून खाली पाठ करणारी मुले मी पाहिली आहेत.

पद्धत बदलून बघण्याविषयीही विचारणा होते. रू पद्धतीत चाली कमी लागतात, झेडझेडमध्ये क्यूब हातात फिरवावा लागत नाही, आणि दोन्ही सुंदर आहेत. पण सीएफओपीत ज्याचे डोळे मागे राहतात, त्याचे तिकडेही मागेच राहतील. चुंबक बसवलेला चांगला क्यूब हजार रुपयांच्या आसपास मिळतो, तो जरूर घ्यावा, त्याहून महागड्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. 1982 साली बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन थाय यांनी 22.95 सेकंदांत विजय मिळवला होता, तोही आजच्या मानाने घट्ट आणि अडखळणाऱ्या क्यूबवर. 2023 मध्ये मॅक्स पार्कने 3.13 सेकंदांचा विक्रम केला आणि पुढे तोही मोडला गेला. त्या सॉल्व्हची चित्रफीत मुलांना दाखवाल तेव्हा बोटांच्या वेगाकडे नव्हे, तर दोन टप्प्यांमधल्या जागेकडे बघायला सांगा. तिथे हात थांबलेले दिसत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. एफटूएलमध्ये हात क्वचितच थांबत असतील, क्रॉस बघूनच ठरत असेल, पीएलएल पाठ असेल आणि तरीही अ‍ॅव्हरेज 20 च्या खाली सरकत नसेल, तर उरलेले ओएलएल खुशाल शिकावे. त्यातून एखाद-दुसरा सेकंद नक्की वाचतो. वरच्या मुलाने वही बाजूला ठेवली आहे आणि तो 26 वर आला आहे, तेव्हा त्याच्यासाठी ती वेळ अजून आलेली नाही. त्याच्या आईला हे पटलेले नाही, आणि सोमवारी जिन्यात त्या मला पुन्हा गाठतील याची मला खात्री आहे.