आजाराला शिस्त लावा, मगच अमेरिकेला निघा

मुलाने तिकिटे काढली असतील, बी-२ व्हिसावर सहा महिन्यांचा मुक्काम ठरला असेल आणि सोबत मधुमेह, रक्तदाब किंवा अँजिओप्लास्टी झालेले हृदयही येणार असेल, तर बॅगा भरण्याआधी आपल्या आजाराला शिस्त लावावी. पाहुण्यांसाठीच्या आरोग्यविम्यात जुने आजार सहसा वगळलेले असतात. मात्र काही कंपन्या मोठ्या मनाने ‘अ‍ॅक्यूट ऑनसेट’, म्हणजे त्याच आजाराचा अचानक उसळलेला तीव्र त्रास, तेवढा मान्य करतात. अट साधी आहे. त्रास पूर्वसूचनेशिवाय उद्भवावा आणि उपचार साधारणपणे चोवीस तासांच्या आत घेतले जावेत. आदल्या आठवड्यात छातीत बारीकशी कळ येऊन गेली असेल, तर तीच पूर्वसूचना ठरू शकते. तेव्हा सुसंस्कृत हृदयाने अशी आगाऊ कुरकुर न करता एकदम झटकाच द्यावा. वर्षानुवर्षे हळूहळू पोखरणाऱ्या मधुमेहाला ही तडफ शिकवणे कठीण आहे, पण निघायला अजून महिनाभर असेल तर प्रयत्न करून पाहावा.

वयही आटोक्यात ठेवावे, कारण अनेक योजनांमध्ये सत्तरी किंवा ऐंशी ओलांडताच ही सवलत आखडते, नाहीतर नाहीशीच होते.

पॉलिसी घेताना आपल्या प्रकृतीविषयी फारसे कोणी विचारत नाही, यावरून गैरसमज करून घेऊ नये. हप्ता भरताच काही मिनिटांत कागद ईमेलवर येतो; खरी आस्थेची विचारपूस दावा केल्यावर सुरू होते आणि मग इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांपासून जुन्या ईसीजीपर्यंत सारे मागवले जाते. काही पॉलिसींच्या व्याख्येप्रमाणे आजाराचे निदान झालेले असण्याचीही गरज नसते. तो शरीरात आधीपासून होता एवढे पुरते. जे आपल्याला आणि आपल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते ते कंपनीला ठाऊक असू शकते, याबद्दल खरे तर कृतज्ञ असायला हवे.

काटकसर करायचीच असेल, तर ठरावीक रकमा देणारी स्वस्त योजना निवडावी. तीत अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाला किती द्यायचे हे विमा कंपनी ठरवते, किती घ्यायचे हे रुग्णालय ठरवते, आणि दोन्हींतला फरक भरण्यासाठीच तर आपण मुलाला एमएस करायला पाठवले होते.

अमेरिकेच्या २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे २०१४ पासून जुन्या आजाराच्या सबबीवर विमा नाकारता येत नाही, असे शेजारचे काका सांगतील. ते खरेच आहे. फक्त त्या कायद्याखालचा विमा पर्यटकांना घेता येत नाही आणि पाहुण्यांच्या पॉलिसींना ते बंधन लागू नाही, एवढी किरकोळ बाब काकांच्या नजरेतून सुटली आहे. १९८६ चा दुसरा कायदा मात्र पाहुण्यांच्याही कामी येतो. त्यानुसार रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने पैशांची ऐपत न पाहता रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणे भाग आहे. बिल पाठवू नये असे त्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि ते आपली प्रकृती पुरेशी स्थिर झाल्यानंतरच हाती पडते, हीदेखील वैद्यकीयदृष्ट्या योग्यच व्यवस्था म्हणावी लागेल.