गोव्यात टॅनिंगचं मशीन नको, रंग हवाच असेल तर बाटलीतला घ्या

पावसाळ्यात पार्लर रिकामं पडतं, फिरायला आलेल्या पाहुण्यांना ऊन मिळत नाही, मग टॅनिंगचं, म्हणजे कातडी तपकिरी करायचं मशीन बसवलं तर चालेल का, असं आमच्या धंद्यातल्या काही जणी विचारायला लागल्या आहेत. परदेशातून जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणे. माझं उत्तर सरळ आहे. बसवू नका. ज्याला अंगाला रंग चढवायचाच आहे त्याने तो लोशनने चढवावा. का, ते जरा सविस्तर लिहिते. बरीच वर्षं कळंगूट-कांदोळी पट्ट्यात पार्लरचं काम करते आहे, आणि आपल्याकडे यावर फारसं कोणी बोलत नाही.

मशीन म्हणजे काय, तर आत सगळीकडून ट्यूबा लावलेली पेटी. कपडे काढून आत आडवं व्हायचं, झाकण ओढायचं आणि दिवे लावायचे. त्या दिव्यांतून मुख्यतः यूव्हीए किरण येतात, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. काही मशीनमध्ये हा मारा भर दुपारच्या उन्हातल्या यूव्हीएच्या दहा-पंधरा पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी. तिने 2009 साली ही यंत्रं माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. ब्राझीलने त्याच वर्षी कॉस्मेटिक वापरावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत 2015 पासून पैसे घेऊन ही सेवा देता येत नाही. अमेरिकेत 2014 पासून मशीनवर ठळक इशारा लागतो, की 18 वर्षांखालच्यांनी वापरू नये. बाहेर लोक हे मशीन मोडीत काढताहेत आणि आपण ते कंटेनरमधून गोव्यात उतरवायचं? ज्या मुलींना आपण कामाला ठेवतो, त्यांनाही रोज त्या खोलीत वावरावं लागणार, याचा विचार कोणी करतं का?

पाहुणे एक गोष्ट हमखास सांगतात. आम्ही घरून निघायच्या आधीच थोडं टॅन करून आलोय, आता इथलं ऊन बाधणार नाही. हे चूक आहे. त्या रंगाचं संरक्षण एसपीएफ (ऊन किती अडतं ते सांगणारा सनस्क्रीनवरचा आकडा) 3-4 च्या आसपास, म्हणजे नावापुरतंच. मार्च-एप्रिलपर्यंत मोरजी-हरमलला राहणाऱ्यांची पाठ मी पाहते ना, खांद्यावरची सालं पापुद्र्यासारखी सुटलेली असतात. मेच्या सुरुवातीला तर आपल्याकडे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तिथे आधीच्या टॅनचं काही चालत नाही.

आता बाटल्यांकडे वळू. टॅनिंग लोशन या एकाच नावाखाली भलत्याच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिला प्रकार मशीनमध्ये किंवा उन्हात झोपण्याआधी लावायचा. यांत टायरोसिन (कातडीचा रंग बनायला लागणारं अमिनो आम्ल) घालून ‘रंग लवकर चढतो’ असं लिहिलेलं असतं. पण वरून लावलेल्या टायरोसिनने तसं होतं, हे सिद्ध झालेलं नाही. काहींत त्वचा चुरचुरावी, लाल व्हावी म्हणून रक्तप्रवाह वाढवणारं औषध असतं. बहुतेकांत एसपीएफ शून्य. किनाऱ्यावर विकलं जाणारं खोबरेल तेलही याच कामाचं. ते त्वचेवर चकाकतं, ऊन अडवत नाही. हा पूर्ण वर्ग मी दुकानात ठेवत नाही.

दुसरा प्रकार सेल्फ टॅनर. याला ऊन लागत नाही, दिवा लागत नाही. यात डीएचए म्हणजे डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन असतं, एक साधी साखर. त्वचेच्या अगदी वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिची क्रिया होते आणि तपकिरी रंग तयार होतो. पोदेराच्या (आपल्या पाववाल्याच्या) पावाची वरची साल भट्टीत तांबूस होते, त्याच जातीची ही क्रिया, फक्त भट्टीशिवाय. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला ईव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधक एका दुर्मीळ आजाराच्या मुलांना हे द्रावण तोंडाने देत होत्या. ते मुलांच्या अंगावर सांडलं, तिथे कातडी तपकिरी झाली आणि कपड्यांवर मात्र डाग नव्हता. तिथून हा धंदा निघाला. रंग काही तासांत दिसायला लागतो, साधारण आठवडाभर टिकतो आणि मेलेल्या पेशी झडतात तसा उतरतो.

बाटली घेताना मी काय बघते? डीएचएचं प्रमाण. गोऱ्यापान कातडीला 3 ते 5 टक्के पुरतं, आपल्या गव्हाळ रंगावर तेवढ्याने काही दिसत नाही, 8-10 लागतं. युरोपात 10 टक्क्यांच्या वर परवानगीच नाही, तेव्हा त्यापुढे जाऊ नका. मग तारीख. डीएचए उष्णतेने खराब होतं. पांढरं लोशन तपकिरी पडलेलं असेल, वास बदललेला असेल तर ते टाकून द्यायचं. एप्रिलमध्ये स्कूटरच्या डिकीत ठेवलेली बाटली गेली समजा. आणि यादीत बर्गामॉट किंवा लिंबाचं तेल दिसलं तर परत ठेवा. लिंबाच्या सालीत-रसात असे घटक असतात की त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. शॅकवर लिंबू पिळून तसंच उन्हात जाऊन बसलेल्या एका पाहुणीचा हात मी पाहिलाय. अंगठ्याच्या बेचक्यातून मनगटापर्यंत रस ओघळला होता, तेवढ्याच रेषेत फोड, नंतर काळपट पट्टा. तो जायला महिने लागतात.

लावायची पद्धत हे खरं कौशल्य. आदल्या दिवशी वॅक्स किंवा शेव्हिंग उरकायचं, लावण्याआधी अंग घासून घ्यायचं, पण साबणाच्या वडीने नाही. तिचा अल्कलीपणा कातडीवर राहिला तर रंग नीट धरत नाही. कोपर, गुडघे, घोटे, बोटांचे सांधे इथे आधी पातळ मॉइश्चरायझर, कारण तिथली कोरडी कातडी रंग पिऊन काळी दिसते. आपल्या हवेत पंख्याखाली लावण्यात अर्थ नाही. घामाचे ओघळ उतरतात आणि रंगात चट्टे पडतात. एसी खोली, सैल काळे कपडे आणि सहा ते आठ तास अंगाला पाणी लावायचं नाही. तळहात लगेच धुवायचे. कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून एक-दोन दिवस थांबल्याशिवाय मी कोणाच्याही पूर्ण अंगाला हात लावत नाही, मग गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

स्प्रे असेल तर नाकात फिल्टर, डोळ्यांना गॉगल, ओठांवर बाम. डीएचए बाहेरून लावायलाच ठीक, श्वासातून आत जायला नको. गरोदर बाईला मी स्प्रे करत नाही. आणि हा रंग म्हणजे सनस्क्रीन नव्हे. तो लावून बाहेर पडलात तरी एसपीएफ 30 किंवा 50 लागतंच, दर दोन तासांनी पुन्हा. पावसाळ्यात लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिसच्या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर उन्हाची जास्तच काळजी घ्या, त्या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते.

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या पोरांना एवढंच सांगते. रंग आदल्या रात्री दोन पातळ थरांत द्या. स्टेजच्या मागे घाईघाईत एकच जाड थर थापला की लाइटखाली घामाबरोबर तो छातीवरून वाहतो आणि वर्षभराची मेहनत परीक्षकांना दिसत नाही. रंगाच्या गोळ्या आणि नाकात मारायचे स्प्रे कोणी देऊ केले तर घेऊ नका. कॅन्थाझॅन्थिन या रंगद्रव्याच्या गोळ्यांनी डोळ्याच्या पडद्यावर कण साचल्याचं नोंदलेलं आहे.

पण माझ्या मते या लोशनचा सगळ्यात मोलाचा उपयोग पाहुण्यांना नाही आणि स्टेजवरही नाही. तो कोड असलेल्या माणसांना आहे. कोड संसर्गाने पसरत नाही, तरी आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात, बसमध्ये, देवळात त्या मुलींना काय काय सोसावं लागतं ते मी जवळून पाहते. डिचोलीकडची एक मुलगी लग्नाआधी आली होती. दोन्ही हातांच्या पाठीवर डाग होते, हिरवा चुडा भरल्यावर सगळ्यांची नजर तिथेच जाणार ही तिच्या आईची काळजी. बारीक ब्रशने डागाच्या कडेच्या आतच लोशन लावलं, कडेबाहेर गेलेलं ओल्या कापसाने टिपलं. सहा तासांनी फिकट दिसलं म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक थर दिला, मग आजूबाजूच्या रंगात मिसळलं. आता ती दर तीन-चार दिवसांनी रात्री जेवण आटोपल्यावर स्वतःच लावते. डाग लपवलेच पाहिजेत असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला हवं त्याला ही सोय ठाऊक तरी असावी, एवढंच. मात्र फोटोथेरपी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण हा थर उपचाराच्या किरणांच्या आड येऊ शकतो. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवून घ्या. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून स्टिरॉइडची ट्यूब आणून चोळू नका. 2018 पासून त्यातली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय द्यायलाच बंदी आहे.

घरात कोणाला कोड असेल आणि हे करून बघायचं असेल तर दुपारी तीननंतर पार्लरला या, तेव्हा गर्दी नसते. पहिल्यांदा लावायचे मी पैसे घेत नाही. बाटली आधीच घेतली असेल तर सोबत आणा, मागची बारीक अक्षरातली यादी आपण दोघी बसून वाचू.